एकशे चौदाव्याच्या राज्याची हकीकत

हुजुरांची आज्ञा जाहली की, एकशे चौदाव्या मूलद्रव्याचे राज्य कैसे आले आणि कैसे गेले ते लिहावे. त्यावरून घडले तितके लिहिले, पदरचे घातले नाही.

हे मूलद्रव्य धरणीच्या पोटी सापडत नाही, प्रयोगशाळेतच घडवावे लागते. म्हणोन यंत्रखोलीत प्लुटोनियमचा गड मांडिला, आणि त्याजवर कॅल्शियमच्या अणूंचा मारा चालविला, की त्याच्या चौऱ्याण्णव प्रोटॉनांत ह्याचे वीस मिळोन एकशे चौदा व्हावे. दहा आठवडे लोटले, परार्धांनी मोजावे इतके गोळे खर्ची पडले, आणि एक अणू हाती आला नाही. मग वरून फर्मान आले की, शुक्रवारी पाच वाजेतो फत्ते न झाल्यास खोलीस कायमचे टाळे ठोकावे.

पडद्यावरील पहारा नोंदकरीबाबांकडे. पत्नी निवर्तल्यापासून बाबांस ती खोलीच घर जाहली होती. शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर ठिपका पडला, राजे उपजले. आणि दोन सेकंदांनी त्याच जागी दुसरा पडला, राजे वारले. बाबांनी झडप घालून मारा बंद केला. कारण ऐसे की, ऐसा अणू विरतो तेव्हा मागे हलक्या मूलद्रव्याचा अणू वारस म्हणोन उरतो; हे वारसही तेथेच ओळीने पडले तरच राजा होता हे सिद्ध. आणि माऱ्याच्या धुमाळीत वारस ओळखू येत नाही.

तोच प्रयोगशाळेचे मुख्य साहेब धावत आले.

"बाबा, गेला ना तो? मग मारा का थांबवलात? वेळ आहे, अजून एक मिळेल!"

"साहेब, मुलगा आहे मागे."

साहेबांनी बटणाकडे हात नेला, आणि तीस वर्षांत ज्यांनी साहेबांस नाही म्हटले नव्हते ते बाबा बटणापुढे खुर्ची ओढून ठाण मांडून बसले. अठ्ठाविसाव्या सेकंदास राजपुत्र एकशे बारावे वारले.

"आता तरी?"

"नातू आहे."

"अहो, अख्ख्या खानदानाची वाट बघणार का तुम्ही?"

"शेवटचाच आहे, साहेब. त्याला नीट जाऊ द्या."

मग अकरा सेकंदांनी नातू एकशे दहावे दुभंग होऊन पडले, आणि मरणे जुळली म्हणोन जन्म शाबीत जाहला, आणि टाळे आल्या वाटेने परत गेले.

मग रीतीप्रमाणे नोंद केली: अणुभार दोनशे एकोणनव्वद, धातू असावा ऐसा कयास, रंग कोणी पाहिला नाही. आयुष्याच्या रकान्यात साहेबांनी 'फक्त दोन सेकंद' लिहिले. बाबांनी 'फक्त' खोडून 'पुरे' लिहिले, त्याजवर शिक्का जाहला, आणि फत्ते दप्तरी दाखल जाहली.