दर दहा मिनिटांनी नम्रता

दुकानातल्या संगणकाने पुन्हा 'टुंग' केलं, तसे बेहनूदने दोन्ही कानांवर हात ठेवले. जिऱ्याच्या पोत्याला टेकून चहा पिणाऱ्या त्याच्या वडिलांनी, म्हणजे आगा नखईंनी, मात्र साखरेचा खडा गालात सरकवून समाधानाने मान डोलावली.

"आलं बघ इरानमनेशांचं उत्तर. काय लिहितात! 'तुमच्या पायाची धूळ म्हणजे आमच्या डोळ्यांतलं काजळ.' असा व्याही मिळायला नशीब लागतं, पोरा."

"तारीख लिहिलीय का, बाबा?"

"लिहिलंय ना. 'तारखेचं म्हणाल, तर तुम्ही म्हणाल ती पूर्वदिशा.' बघ, मन किती मोठं!"

बेहनूदला रडावंसं वाटलं, कारण ते मोठं मन त्याने स्वतःच एका सुट्टीच्या दिवशी बसून तयार केलं होतं.

जिऱ्याच्याच गावाला, केरमानला, जिरे नेणारा आणि इराणी माणसाला नम्रता पुरवणारा, दोघेही सारखेच शहाणे. बेहनूद दुसरा. कचेऱ्यांच्या संगणकांसाठी प्रोग्रॅम लिहिणं हा त्याचा धंदा. वडिलांना व्यापाऱ्यांचे इतके गोडगोड निरोप येत, आणि प्रत्येकाला त्याहून गोड उत्तर देता देता त्यांची बोटं इतकी दुखत, की पोराने एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला. दर दहा मिनिटांनी तो जागा व्हायचा, नवा निरोप आलाय का बघायचा, आणि आला असेल तर त्याहून एक पायरी वरचं गोड वाक्य पाठवून पुन्हा झोपायचा. कुणी काही विचारलंच, तर आपण काही ठरवायचं नाही, सगळं समोरच्यावर सोपवायचं, हेही त्याने त्यात घातलं होतं. ते त्याला कुठून सुचलं असेल, हे वडिलांकडे एकदा बघितलं की कळत होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग महनूशचा फोन आला. महनूश म्हणजे खजुराचे व्यापारी आगा इरानमनेश यांची मुलगी, बेहनूदची होणारी बायको.

"तुझ्या बाबांना उत्तरं देऊन देऊन आमच्या बाबांचे डोळे गेले रे," ती म्हणाली. "चष्म्याचा नंबर वाढला. आम्हालाही बसवून दे ना ते."

आणि प्रेमात पडलेला माणूस जे करतो, तेच बेहनूदने केलं. डोकं न चालवता बसवून दिलं.

आता दोन्हीकडे तेच यंत्र, आणि पलीकडेही यंत्रच बोलतंय हे दोघांपैकी एकाही बापाला ठाऊक नव्हतं. इकडचं गोड बोललं की तिकडचं त्याहून गोड बोलणार, मग इकडचं त्याच्याही वर जाणार. माणसं कधीतरी दमतात, जेवायला उठतात, हे यंत्राला कोण सांगणार? आगा नखईंनी स्वतःच्या हाताने एकदाच विचारलं होतं, "लग्न कधी करू या?" त्याला तिकडून उत्तर आलं, 'तुम्ही म्हणाल ती पूर्वदिशा.' इकडून गेलं, 'आमची कसली दिशा, तुम्हीच म्हणा.' तेव्हापासून ती पूर्वदिशा चेंडूसारखी या दुकानातून त्या दुकानात फिरत होती.

एरवी फिरली असती तर फिरली असती. पण मोहरम तोंडावर आला होता. तो आणि पाठचा सफर, असे दुखवट्याचे दोन महिने लग्नाचं नाव काढायची सोय नव्हती. महनूश नुकतीच औषधशास्त्र शिकून बाहेर पडली होती आणि तिला सफर संपायच्या आतच सरकारी दवाखान्यात दोन वर्षांसाठी रुजू व्हायचं होतं. लग्न झालेलं असेल तर नवऱ्याच्या गावात, नाहीतर थेट चाबहारला, वाळवंट ओलांडून समुद्राच्या काठाला.

"बाबा, तुम्हीच एक तारीख लिहून टाका ना," बेहनूदने हात जोडले.

"मी? मुलाच्या बापाने?" आगा नखई दचकले. "लोक म्हणतील, नखईंना सून पळवायची घाई झालीय. तारीख मुलीकडच्यांनी सांगायची असते."

तिकडे महनूशने तिच्या वडिलांचे पाय धरले. ते म्हणाले, "मुलीच्या बापाने तारीख सांगायची? लोक म्हणतील, इरानमनेशांना पोर जड झाली!"

त्यातच निरोप दहा मिनिटांऐवजी दोन-दोन मिनिटांनी यायला लागले. का, ते बेहनूदला वडिलांच्या मागे उभं राहिल्यावर कळलं. आगा नखई दुपारच्या झोपेआधी प्रोग्रॅमची खिडकी फुली मारून बंद करत आणि उठल्यावर पुन्हा उघडत. पण फुली मारल्याने प्रोग्रॅम बंद होत नव्हता, नुसता पडद्याच्या कोपऱ्यात लपून काम करत राहायचा. पुन्हा उघडला की दुसरा सुरू व्हायचा. प्रत्येक झोपेला एक अशी ही पिलावळ आठवडाभर वाढत होती. इरानमनेश तर दिवसातून दोनदा झोपत.

निरोपांच्या पायऱ्या भराभर चढत गेल्या. पायाची धूळ झाली, जीव ओवाळून झाला, आणि एका सकाळी तिकडच्या यंत्राने सगळ्यात वरचं वाक्य बाहेर काढलं, 'आमच्या बागा तुमच्याच.'

आगा नखईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बम गावच्या खजुराच्या बागा देतोय रे माणूस! आणि आपण नुसते शब्द देतोय!" त्यांनी तडक जिऱ्याची दोन पोती पाठवली. संध्याकाळी तिकडून खजुराची खोकी आली. मग इकडून पिस्ते गेले, तिकडून गालिचा आला. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि तारखेचा मात्र पत्ता नव्हता.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली तेव्हा बेहनूदने वडिलांच्या संगणकातली सगळी पिलावळ एकेक करून मारली. संगणक गप्प झाला. अर्ध्या तासात महनूशचा फोन.

"काय केलंस तू? बाबा जेवत नाहीयेत. म्हणतात, नखई गप्प का झाले? आपल्याकडून काय चुकलं? त्यांना दुसरी मुलगी तर मिळाली नाही ना?"

"अगं, मी फक्त—"

"सुरू कर ते! आत्ताच्या आत्ता!"

बेहनूदने मुकाट्याने सुरू केलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की या थोर माणसांना समोरासमोर बसवायचं. तोंडाने बोलतील तर यंत्राची भानगड नाही. मोहरम लागायच्या आधीच्या शेवटच्या गुरुवारी इरानमनेशांकडे जेवण ठरलं. निघायच्या आधी बेहनूदने फोन कानाला लावला, तिकडे महनूश, आणि दोघांनी एकाच क्षणी दोन्हीकडचे प्रोग्रॅम कायमचे पुसून टाकले. कितीतरी दिवसांनी बेहनूदने मोकळा श्वास घेतला.

त्याची आई आधीच आत जाऊन महनूशच्या आईच्या गळ्यात पडली होती. बेहनूद कोलुंपेचा, म्हणजे खजूर भरलेल्या बिस्किटांचा, डबा घेऊन अंगणात उभा होता. आतून मटणाचा वास येत होता. आणि दारात दोन बाप उभे होते.

"या, आगा, आधी तुम्ही."

"छे, छे! तुमचं घर, आधी तुम्ही."

"तुम्ही पाहुणे. तुमची पावलं आमच्या डोळ्यांवर."

"तुम्ही वयाने मोठे. तुमच्यापुढे चालायची आमची काय बिशाद?"

मग क्षणभर शांतता. दोघे हसले. आणि पुन्हा, "या, आधी तुम्ही."

बेहनूद बघत राहिला. शांततेचा तुकडा दर वेळी तेवढाच होता. वाक्य दर वेळी एक पायरी वर चढत होतं. आत मटण निवत होतं. सूर्य पलीकडच्या भिंतीमागे गेला.

"बरं, तारखेचं तरी बोलून घेऊ," आगा इरानमनेश म्हणाले. बेहनूदच्या जिवात जीव आला.

"तुम्ही म्हणाल ती पूर्वदिशा," आगा नखई म्हणाले.

"आमची कसली दिशा! तुम्हीच म्हणा."

"अहो, तुमच्यापुढे—"

"नाही, नाही, तुमच्यापुढे—"

खिडकीत महनूश उभी होती. तिने कपाळ काचेला टेकवलं होतं. ते बघितलं आणि बेहनूदच्या आत काहीतरी तुटलं.

"मंगळवारी!" तो ओरडला. "येत्या मंगळवारी लग्न! झालं! ठरलं! आता आत चला!"

दोन्ही बाप सावकाश वळले. आगा इरानमनेशांनी आगा नखईंकडे पाहिलं, आगा नखईंनी जमिनीकडे.

"माफ करा, आगा," नखई हळू आवाजात म्हणाले. "शरमेनं मान खाली गेली माझी. वडीलधाऱ्यांच्या मध्ये असं तोंड घालायला मी शिकवलं नव्हतं याला."

"आजकालची पोरं," इरानमनेश म्हणाले. "जरा धीर शिकला पाहिजे."

"जरा काय, चांगलाच शिकला पाहिजे."

"सफर संपल्यावर बघू."

"सफर संपल्यावरच बघू," नखई म्हणाले.

'तुम्ही म्हणाल ती पूर्वदिशा' नाही, 'आधी तुम्ही' नाही. इतक्या दिवसांत दोघांचं पहिल्यांदा एका वाक्यात जमलं होतं. आगा इरानमनेशांनी नखईंच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघेजण त्या अरुंद दारातून खांद्याला खांदा लावून एकदमच आत गेले.

बेहनूद पायरीवर बसला. आतून ताटांचे आवाज आणि दोन बापांचं हसणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने महनूश बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या मांडीवरचा डबा उघडला, एक कोलुंपे अर्धं मोडून त्याला दिलं आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या तोंडात टाकलं.

"दुसरं काढू नकोस," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. "बाकीची मला बांधून दे. चाबहारला मिळत नाहीत."