आर्लोचं कार्ड आणि सासऱ्याची झोपडी

मार्लिसला मागणी घालायला आर्लो ट्वेटनला एक कप कॉफी पुरली होती. ग्राफिक्स कार्ड निवडण्यात मात्र अख्खा ऑक्टोबर गेला, तरी निर्णय होईना. जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले, कागदांवर रेघोट्या, आणि त्या रेघोट्यांवर मार्लिसनं आणून ठेवलेलं हॉटडिशचं, म्हणजे भाजलेल्या मांस-बटाट्याचं, गरम पातेलं.

"जेवताना तरी तो प्रोसेसर बाजूला सार," मार्लिस म्हणाली.

"सारतो गं. पण मला एक सांग, पैसे प्रोसेसरवर घालू की कार्डावर?"

"डोक्यावर घाल. गरज तिथं आहे."

तिचंही बरोबरच होतं म्हणा. सातशे डॉलरच्या वर एक सेंटही मिळणार नाही, हे तिनं आधीच बजावलं होतं, आणि तेवढ्यात सगळाच कॉम्प्युटर उभा करायचा होता. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा मेंदू आणि कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा हात. एवढ्या पैशात दोन्ही तालेवार मिळत नाहीत. एकाला तूप वाढायचं तर दुसऱ्याला ताकावर भागवावं लागतं.

आता बासष्टाव्या वर्षी या माणसाला खेळायचा कॉम्प्युटर हवा कशाला? तर दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या गायकवृंदातले काही बुवा आपापल्या घरी बसून एकमेकांशी मासेमारीचा खेळ खेळत. खरं तळं खिडकीबाहेर होतं. पण नोव्हेंबरात पाण्यावर होडी जात नाही आणि बर्फावर माणूस उभा राहत नाही, तेव्हा वेळ घालवायचा कसा? आर्लो मार्लिसच्या जुन्या लॅपटॉपवर खेळायचा. त्या लॅपटॉपवर मासा गळाला लागायचा, आमिष खायचा, निघून जायचा, आणि मग आर्लोला दिसायचा. त्यामुळे आर्लो कायम शेवटचा. पहिला कायम कर्टिस.

कर्टिस म्हणजे मार्लिसचा धाकटा भाऊ. तळ्याच्या पलीकडच्या काठाला राहायचा, पण त्याची जीभ या काठापर्यंत पोचायची.

"प्रोसेसर घे, आर्लो," तो म्हणाला होता. "सगळी ताकद त्यात. मी माझं सगळं त्यातच घातलंय. कार्ड म्हणजे नुसती रंगरंगोटी. नाकापेक्षा मोती जड करून ठेवशील."

झालं. कर्टिसनं पूर्व म्हटलं की आर्लोला पश्चिमेशिवाय दिशाच उरायची नाही. दुसऱ्या दिवशी तो डलूथ शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात हजर झाला आणि कार्डांच्या कपाटापुढं जाऊन उभा राहिला.

दुकानात ब्रिन नावाची मुलगी होती. उन्हाळ्यातच ॲरिझोनाच्या वाळवंटातून आलेली, दंडावर निवडुंग गोंदवलेला. तिनं आर्लोचे कागद पाहिले, ते उलटे ठेवले आणि एक जाडजूड कार्ड पुढं केलं. "हे घ्या. आणि प्रोसेसर सगळ्यांत स्वस्त. त्यात दोन प्रकार येतात. एकात चित्र काढायची थोडी सोय आतच असते, दुसऱ्यात नसते. तुमच्याकडं कार्ड आहे, तेव्हा नसलेलाच घ्या. पैसे वाचतील."

"आणि कार्ड बंद पडलं तर?"

"का पडेल?"

"गाडी तरी का बंद पडते?"

आर्लोच्या गाडीच्या डिकीत ऑक्टोबरपासून घोंगडी, मेणबत्त्या, फावडं, वाळूचं पोतं आणि बिस्किटांचा डबा असायचा. अशा माणसाला राखीव चाकाशिवाय पुढं जा म्हणून सांगण्यात काय अर्थ होता? त्यानं आत सोय असलेला प्रोसेसर घेतला आणि त्यापायी कॉम्प्युटरच्या डब्याचं काचेचं झाकण सोडून दिलं. ब्रिननं खांदे उडवले. या हिवाळी शहाणपणानंच पुढं त्याचा घात केला, पण ते कळायला अजून अवकाश होता.

तळघरात आर्लोनं दोन दिवस खपून सगळं जोडलं. टेबल भिंतीला लागून, तेव्हा पडद्याची वायर पाठीमागं लावायला त्याला टेबलाखाली उताणं शिरावं लागलं. मागं तशा आकाराच्या खाचा दोन ठिकाणी होत्या: एक वर, मदरबोर्डाची, म्हणजे प्रोसेसर बसवलेल्या मुख्य पाटीची, आणि एक खाली, कार्डाची. वायर आखूड होती आणि पाठ दुखत होती. वरची खाच हाताला लागली, वायर बसली. त्यानं बटण दाबलं. पडदा उजळला, कार्डाचे पंखे फिरले, त्यांत निळे-जांभळे दिवे लागले, आणि आर्लोला दाटून आलं.

मार्लिस कॉफी घेऊन खाली आली होती. तिनं वाकून मागं पाहिलं, मग पंख्यांकडं पाहिलं.

"वेगळंच आहे," ती म्हणाली.

"आहेच मुळी," आर्लो म्हणाला.

तेवढ्यात कर्टिस टपकला. नेलेली करवत परत द्यायचं निमित्त होतं. त्यानं कॉम्प्युटर सगळीकडनं न्याहाळला, टेबलाखाली वाकून मागं बघत जरा जास्तच रेंगाळला, आणि बाहेर आला तो दिवाळखोराच्या लिलावातून स्वस्तात ट्रॅक्टर मिळाल्यासारखा चेहरा घेऊन.

"छान जमलंय, आर्लो. मग रविवारी होऊन जाऊ दे तुझा-माझा सामना?"

"होऊ दे. हरेल त्यानं सफरचंदाचा पाय खाऊ घालायचा."

"पाय काय, नेहमीचाच आहे. झोपडी लावू."

झोपडी म्हणजे म्हाताऱ्या हाल्व्हरची, मार्लिस-कर्टिसच्या वडिलांची. बर्फावर नेऊन ठेवायची, आत शेगडी, दोन स्टुलं, खाली मासे धरायला भोक. म्हातारा गेल्यापासून ती आर्लोच्या अंगणात असायची. तळं घट्ट गोठलं की आर्लो ती ओढून न्यायचा आणि दर शनिवारी आत बसायचा. हाल्व्हरनं त्याला जावई म्हणून पसंत केलं होतं ते त्याच झोपडीत, तोंडानं नव्हे, न बोलता थर्मासमधली कॉफी पुढं करून. आर्लोला आयुष्यात जे काही सुख म्हणून ठाऊक होतं, त्यातलं निम्मं तरी त्या चार फळ्यांत होतं. पण कार्डाचे दिवे फिरत होते, आणि माणूस दिव्यांना भुलतो.

"लावली," आर्लो म्हणाला. "जिंकेल त्याची, कायमची."

कर्टिस गेल्यावर त्यानं पहिल्यांदा खेळ सुरू केला. तळं आलं. तळ्यावरची लाट आली आणि तिथंच थांबली. मग दुसरी लाट आली, पहिली गेली कुठं ते कळलं नाही. मासा उडी मारायला वर आला तो हवेतच टांगून राहिला. जुन्या लॅपटॉपपेक्षा बरं होतं, नाही असं नाही. पण सातशे डॉलर ओतून बरं म्हणजे पदरात काय पडलं? आर्लोनं चित्राची प्रत खाली आणली, आणखी खाली आणली. शेवटी पाणी भांडी घासल्यावर उरतं तसलं झालं आणि मासे विटांसारखे दिसायला लागले, तेव्हा कुठं जरा हलायला लागले.

"प्रोसेसरच नडतोय," तो स्वतःशी म्हणाला. कर्टिसचं खरं होतं, हा विचार त्याच्या मनात आला, आणि तो विचार पाठीपेक्षा जास्त दुखला.

शेजारचा ऑर्विल आयुष्यभर टेलिफोन कंपनीत वायरी ओढून निवृत्त झालेला. आर्लोनं त्याला बोलावलं. ऑर्विल गुडघ्यांवर बसला, टॉर्च मारला, बराच वेळ पाहिलं, आणि उठून हात झटकले.

"वायर वरच्या खाचेत लावलीस."

"हो. जवळ पडते."

"हं. असं लावलेलं मी तरी नव्हतं पाहिलं. वेगळंच आहे."

"चालतंय ना पण?"

"चालतंय तर खरं," ऑर्विल म्हणाला, आणि थंडी कधी वाढणार यावर बोलायला लागला. त्या भागात भल्या माणसाच्या तोंडून याहून कडक टीका निघत नाही. घराला आग लागली तरी शेजारी आधी म्हणेल, "आज तुमच्याकडं ऊब दिसतेय." आर्लो स्वतः तिथलाच, दुसऱ्याच्या बाबतीत त्याला हे पुरतं कळायचं. स्वतःच्या कौतुकानं आंधळा झालेल्या माणसाला मात्र काय कळणार?

शेवटी त्यानं दुकानात फोन लावला.

"सगळं नीट जोडलंय ना?" ब्रिननं विचारलं.

"अगदी नीट. सगळ्यांनी पाहिलंय."

"मी घरी येऊन बघू का? संध्याकाळी तिकडनंच जाणार आहे."

आर्लोचा जीव भांड्यात पडला. पण रीत ती रीत. "छे, तुला उगाच कशाला तसदी," तो म्हणाला, आणि थांबला. आता ती दुसऱ्यांदा विचारणार, तो पुन्हा नको म्हणणार, ती तिसऱ्यांदा विचारणार, आणि मग तो म्हणणार, "बरं, तू इतकं म्हणतेसच तर." जन्मभर तो असाच जेवत आला होता, असाच लिफ्ट घेत आला होता.

"बरं मग," ब्रिन म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. ॲरिझोनात एकदाच विचारतात.

आर्लो कानाला फोन लावून बराच वेळ उभा राहिला, न जाणो पुन्हा आवाज आला तर.

रविवार उजाडला. चर्चहून आल्यावर दोघं आपापल्या तळघरात बसले. मार्लिस लिंबाच्या वड्या कापून खाली घेऊन आली आणि आर्लोच्या मागं स्टुलावर विणत बसली. फोनवरून कर्टिसचा आवाज येत होता.

"काय रे, पाणी कसंय तिकडं?"

"स्वच्छ," आर्लो विटांकडं बघत म्हणाला.

तरी गडी झुंजला. मासा कुठं लपतो हे त्याला हाल्व्हरनं शिकवलं होतं, आणि ते ज्ञान कुठल्या कार्डात मिळत नाही. शेवटच्या मिनिटाला दोघंही बरोबरीत होते. तेवढ्यात आर्लोची दोरी ताणली गेली. लव्हाळ्याच्या कडेला भलामोठा वॉलआय मासा, त्या तळ्यातला बाप. आर्लोनं गळ खेचला.

पडदा थांबला. मासा अर्धा पाण्यात, अर्धा वर. आर्लो बटण दाबत राहिला. पडदा पुन्हा चालू झाला तेव्हा पाणी शांत होतं, दोरी तुटली होती आणि वेळ संपली होती. कर्टिसनं तेवढ्यात एक बोटभर मासा धरून घेतला होता.

"वाईट वाटतं रे," फोनमधला कर्टिस म्हणाला. त्याला अजिबात वाईट वाटलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तो ट्रक घेऊन आला. आर्लोनं स्वतः झोपडीची साखळी ट्रकला अडकवली, कारण कर्टिसला ती धड अडकवता यायची नाही. झोपडी गेली. हिवाळाभर शनिवारी काय करायचं ते न सुचून आर्लोनं कॉफीचा आणखी एक कप भरला.

"तो कॉम्प्युटर चर्चला देऊन टाकतो," तो घरात येऊन म्हणाला. "डोळ्यांसमोर नको."

"देण्याआधी एकदा चालू करून बघू. बिघडलेली वस्तू देवाच्या दारी नको," मार्लिस म्हणाली. तिनंच तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायला लावला आणि मागं न वाकता सरावाच्या हातानं वायर लावली. पडदा उजळला, खेळ सुरू झाला. तळं आलं, आणि ते हललं. लाटा एकामागून एक किनाऱ्याला लागल्या. लव्हाळी वाऱ्यावर झुकली. वॉलआय वळला तेव्हा त्याचं खवलं न् खवलं चमकलं. आर्लो आ वासून बघत राहिला.

मग तो हळूच मागं गेला. "तू खाली लावलीस."

"मग कुठं लावतात? वर लावली की तुझं ते महागडं कार्ड नुसतं पंखे फिरवत बसतं, आणि सगळं काम करतो तो स्वस्तातला प्रोसेसर. शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं मी काय फक्त घंटा वाजवली?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आत सोय असलेला प्रोसेसर हे राखीव चाक घेतलं नसतं तर पडदा पहिल्याच दिवशी काळा राहिला असता आणि चूक तिथंच कळली असती. आर्लो खुर्चीवर बसला.

"तुला ठाऊक होतं. मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. पहिल्याच संध्याकाळी. म्हटलं, वेगळंच आहे."

"मार्लिस, तुझ्या वडिलांची झोपडी होती ती," तो शेवटी म्हणाला.

"होती. आणि ते गेल्यापासून मी तिचं कळकट बूड बघत भांडी घासतेय." ती खिडकीपाशी सरकली आणि त्याला खुणेनं बोलावलं. जिथं झोपडी असायची तिथं आता तळं दिसत होतं, कडेनं पातळ बर्फ धरलेलं. चांगलं दिसत होतं. आर्लोला ते कबूल करावं लागलं, पण त्यानं ते मोठ्यानं केलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. कर्टिस होता, आवाज पडलेला.

"आर्लो, लव्हॉननं सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून झोपडी पाहिली."

"काय म्हणाली तुझी बायको?"

"म्हणाली, वेगळंच आहे." फोनमधून खाकरण्याचा आवाज आला. "दोनदा म्हणाली. म्हणून म्हटलं, आणखी एक डाव टाकू. रविवारी. अट तीच."

"राहू दे रे. जिंकलास तू," आर्लो म्हणाला.

मार्लिसनं नकार मोजत हाताचं एक बोट मिटलं.

"अरे टाकू. आणि ऐक, या खेपेला माझी वायर मी वरच्या खाचेत लावीन. तू तुझी खाली लाव."

म्हणजे यालाही ठाऊक होतं. आर्लोनं डोळे मिटले, उघडले. "नको, कशाला. दिलेली वस्तू परत घेणं बरं दिसत नाही."

मार्लिसनं दुसरं बोट मिटलं आणि फोनकडं टक लावून बघत राहिली. तिचा भाऊ लहानपणापासून धसमुसळा. कुठं थांबायचं ते त्याला कधी कळलं नव्हतं. आज नेमकं कळावं, दोनवरच थांबावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"आर्लो, खरंच ये रे खेळायला," कर्टिस म्हणाला.

"बरं," आर्लो म्हणाला, "तू इतकं म्हणतोसच तर."

मार्लिसनं एकवार तळं डोळे भरून पाहून घेतलं आणि भांडी घासायला घेतली.