सरकता पिंजरा आणि रत्नप्रभाकाकूंच्या दूर्वा

माझ्या हातात एकदा पाना आला की काम फत्तेच, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. मला कुणी शिकवलेलं नाही. नळाचा वायसर बघून बघून शिकले, मिक्सर उघडून शिकले आणि इस्त्री झटका खाऊन शिकले. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सात मजली इमारतीत प्लंबर आला, तर आधी माझ्या दाराशी येतो आणि विचारतो, "प्रेमाताई, तुम्ही आधी किती उघडलंय?" तो हे आदराने विचारतो, असं मी धरून चालते.

तेव्हा सशांसाठी सरकता पिंजरा मीच करणार, असं मी जाहीर केलं. आमच्या ह्यांनी लगेच हॉलमधला टीव्ही भिंतीकडे सरकवून ठेवला.

ससे आमच्या लेकीचे, श्वेताचे. तिला हैदराबादला नोकरी लागली, ती गेली आणि तीन ससे आमच्या बाल्कनीत राहिले. तिने त्यांना कुठल्याशा बिस्किटांची नावं दिली होती. माझ्या सासऱ्यांनी ती पहिल्याच आठवड्यात बदलली. बाबा, म्हणजे काशीराम, मूळचे मालवणकडचे; परळच्या मिलमध्ये लूमवर तीस वर्षं काढलेली. त्यांनी नावं ठेवली पहिली पाळी, दुसरी पाळी आणि तिसरी पाळी. तिसरी पाळी दिवसभर झोपायची, तेव्हा नावात खोट काढायला जागा नव्हती.

सासूबाई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते. वर्ष होऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चालवा. खाली ज्येष्ठ नागरिकांचा बाक आहे, तिथे बसा म्हटलं तर म्हणायचे, "थय सगळे म्हातारे बसतत." स्वतः ऐंशीचे. बोलायचे ते फक्त सशांशी, तेही सोसायटीतल्या कुणी ऐकू नये असं.

मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहिला. बिनबुडाचा पिंजरा. हिरवळीवर ठेवायचा, ससे आतल्या आत गवत खातात, लेंड्या तिथेच पडून खत होतं, दुसऱ्या दिवशी पिंजरा पुढे सरकवायचा. जमिनीला आराम, सशाला चारा. आणि सरकवायला रोज कुणीतरी खाली जायला हवं. मला एकदम सगळं दिसलं: सकाळचं ऊन, हिरवळ, बाबा. बाल्कनीतल्या वासाचाही प्रश्न सुटणार होता, सेक्रेटरी श्यामकांतरावांना मी तेवढंच कारण सांगितलं. खरं कारण सांगायची लाज वाटली.

पिंजरा झाला झकास. सहा फूट बाय चार फूट, प्लास्टिकच्या पाइपांचा, कोंबड्यांची जाळी, वरून उघडणारं झाकण आणि ओढायला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. अर्ध्या भागावर सावलीसाठी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक जुना फ्लेक्स ताणला. त्यामुळे तिन्ही ससे एका हात जोडलेल्या, हसऱ्या उमेदवाराच्या छत्रछायेखाली येणार होते. तो पडला होता, एवढं मला आठवतं.

हॉलमध्ये जोडताना बाबा दारातून म्हणाले, "प्रेमा, हयच जोडतंस? खाली नेऊन जोड गो."

"बाबा, मोजमाप केलंय मी. तुम्हाला नाही कळायचं ते."

मोजमाप मी आमच्या दाराचं केलं होतं. लिफ्टचं केलं नव्हतं. जिन्याने उतरवताना चौथ्या मजल्याच्या वळणावर पिंजरा असा अडकला, की शुभाचं सेफ्टी डोअर उघडेना. शुभा ऑफिसला निघालेली, पर्स खांद्याला, आणि जाळीच्या पलीकडे उभी.

"प्रेमा, मी आत आहे की बाहेर, तेवढं सांग."

"पाच मिनिटं थांब गं."

"बॉसला काय सांगू? सशांच्या पिंजऱ्यात अडकले म्हणून?"

वीस मिनिटांनी करवतीने दोन पाइप कापले तेव्हा ती सुटली. पिंजरा शेवटी खालीच जोडला.  पाइप धरायला बाबा वर्षभरात पहिल्यांदा खाली आले.

आता हिरवळीबद्दल. इमारतीच्या मागे गवताचा लांबट तुकडा आहे. मी त्याचा तक्ता केला, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. चार ओळी, ओळीत सात चौकोन, एकूण अठ्ठावीस दिवस. मग पुन्हा पहिल्यापासून, तोवर गवत वाढलेलं. तक्त्यावर मी आकडे घातले, पहिल्या ओळीत एक ते सात, खालच्या ओळीत आठ ते चौदा, वहीत लिहितो तसे डावीकडून उजवीकडे.

दुसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, रत्नप्रभाकाकूंच्या दूर्वा होत्या. काकू पहिल्या मजल्यावर राहतात. अकरा वर्षं त्यांनी ती जागा राखली आहे. तिथे चप्पल घालून कुणी जात नाही, श्यामकांतरावसुद्धा. यंदा त्यांनी नवस बोललेला: मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट होऊ दे, अंगारकीला हातच्या हजार दूर्वा वाहीन. दोन महिने त्यांनी तिथली एक काडी खुडली नव्हती.

मी तक्ता घेऊन त्यांच्याकडे गेले.

"हे बघा काकू. तुमच्या दूर्वांवर चौदावा आकडा. अंगारकी येतेय अकराव्या दिवशी. तोवर तुमचं खुडून झालेलं असेल."

काकूंनी नवा चष्मा लावून तक्ता पाहिला. "प्रेमा, ससा तक्ता वाचतो का?"

"मी वाचते ना. माझा शब्द."

"बघ हं. बाप्पाला दिलेला शब्द आहे माझा. तो तुझ्या शब्दावर सोडतेय."

शनिवारी काम सुरू झालं. पहिल्या दिवशी बाबा किती वाजता उठले माहीत नाही. मी सहाला उठले तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून दाराशी बसले होते. मी त्यांच्या हातात तक्ता दिला. "रोज एक चौकोन. आपलं डोकं चालवायचं नाही, बाकी सगळं मी बघते." ही माझी वाक्यं. आज लिहिताना हात अडखळतो, पण होती तशी लिहिते.

ते सात दिवस मला आयुष्यभर पुरतील. सातच्या ठोक्याला बाबा तिन्ही पाळ्या टोपलीतून खाली न्यायचे, पिंजरा सरकवायचे, कडेला विटा लावायचे, जमीन वरखाली असेल तिथे माती दाबायचे. मग प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. वॉचमन धोंडिराम येऊन उभा राहायला लागला. दूधवाला थांबायला लागला. तिसऱ्या दिवशी मी बाल्कनीतून वाकून पाहिलं, तर बाबा शुभाला सांगत होते की ससा गवत खातो तेव्हा त्याचा जबडा लूमच्या ठेक्यात हलतो, आणि शुभा ऑफिसची वेळ विसरून ऐकत होती. सहाव्या दिवशी ते वर येऊन म्हणाले, "भूक लागली गो." वर्षभरात हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

आठव्या दिवशी, पुन्हा शनिवार, मी दुसऱ्या पिंजऱ्यासाठी व्हिडिओ बघत होते. यश डोक्यात गेलं होतं, दुसरं काय. बाबा खाली जाऊन परत वर आले आणि दारातच उभे राहिले.

"प्रेमा, थय दूर्वा आसत. ठेवू काय?"

मी मान वर केली नाही. "तक्त्याप्रमाणे चाललंय ना, बाबा? मग ठेवा की."

ते खाली गेले.

साडेदहाला काकूंची हाक आली. किंचाळल्या नाहीत, त्या किंचाळल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं "प्रेमा" म्हटलं, ते पाचव्या मजल्यावर ऐकू आलं.

पिंजरा दूर्वांवर होता. सशांनी काय करावं? नेमके कोवळे शेंडे खाल्ले. खाली राठ काड्या सोडल्या होत्या. बाप्पाला जे वाहतात तेवढंच निवडून खाल्लेलं. तिसरी पाळी जन्मात पहिल्यांदा जागी होती आणि तोंडातून तीन पानांचं एक टोक बाहेर लोंबत होतं. मला हसू आलं असतं, पण काकू खाली बसल्या होत्या आणि बोटांनी काड्या चाचपत होत्या. नव्या डोळ्यांवर विश्वास नसल्यासारख्या.

माणसं जमली. श्यामकांतराव, शुभा, धोंडिराम, दुसऱ्या मजल्यावरची ऋता. सगळे माझ्याकडे बघत होते. तक्ता माझा होता, शब्द माझा होता.

"प्रेमाताई, हे चौदाव्या दिवशी होतं ना?" श्यामकांतराव म्हणाले. "आज आठवा."

मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. आणि मी, जी इस्त्रीलाही घाबरत नाही, ती म्हणाले, "वय झालं हो त्यांचं. विसरतात. मी तक्ता करून दिला होता."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. सकाळचं दारातलं बोलणं त्यांनी काढलं असतं तर मला जागा उरली नसती. ते काकूंना म्हणाले, "माजी चूक झाली, वयनी." आणि जाळीतून हात घालून तिसऱ्या पाळीच्या तोंडातलं ते पान काढायला लागले.

त्यानंतर लोक फार चांगले वागले. तेच वाईट झालं. श्यामकांतरावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वडीलधाऱ्यांना एकटं खाली पाठवू नका हं, आमच्या आत्याचंही असंच सुरू झालं होतं." पिंजऱ्याचं काम धोंडिरामकडे गेलं. ऋताने बाबांना लिफ्टमध्ये विचारलं, "आजोबा, कितवा मजला माहितीये ना?" शुभाने बदाम आणून दिले, स्मरणशक्तीला चांगले म्हणून. बाबांनी ते भिजवून सशांना देऊ का विचारलं. मी नको म्हटलं. ते बाल्कनीत जाऊन बसले. इस्त्रीचा शर्ट दोरीवर तसाच राहिला.

रविवारी दुपारी मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. "बाबा, सात नंतर आठ. आठ इकडे डावीकडे आहे. तुम्ही तिकडे कसे गेलात?"

त्यांनी बोट पहिल्या ओळीवरून उजवीकडे नेलं, टोकाला थांबले, एक घर खाली उतरले आणि डावीकडे परत आले. "धोटो जाता तसोच येता. येताना रिकामो येना नाय."

धोटा म्हणजे मागातली ती सुताची नळी पोटात घेतलेली लाकडी होडी, कापडात इकडून तिकडे धागा टाकत जाणारी. तीस वर्षं त्यांनी तो जाता-येता पाहिला होता. ओळ संपली की खालच्या ओळीत तिथूनच परत यायचं, यात त्यांना विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. दूर्वा दिसल्या तेव्हा मात्र विचारलं होतं. मला.

मी खाली गेले आणि धोंडिरामला म्हटलं, जरा बाजूला हो. ससे टोपलीत ठेवले आणि माझ्या तक्त्याप्रमाणे पिंजरा सातव्या चौकोनातून आठव्यात नेऊन पाहिला. अख्खी हिरवळ ओलांडून, चाळीस फूट, विटांसकट. मध्येच दोरी तुटली. मी गवतावर बसले. ऐंशी वर्षांच्या माणसाला दर आठवड्याला हे ओढायला लावणारा तक्ता मी केला होता, आणि त्यांनी तो न बोलता सुधारून घेतला होता.

"ताई, उलटं कशाला नेलंत?" धोंडिराम म्हणाला. "आजोबा बरोबर नेत होते."

अंगारकीला काकूंनी बाजारातून आणलेल्या दूर्वा वाहिल्या. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "बाप्पाला चालतील गं. मला चालायला जरा वेळ लागेल." संध्याकाळी आरतीला खाली सगळी सोसायटी होती. आरती संपल्यावर, प्रसादाची वाटी हातात घेऊन, मी उभी राहिले.

"मला एक सांगायचंय. चूक बाबांची नव्हती. तक्ता माझा चुकला. त्यांनी मला विचारलंही होतं आणि मीच ठेवा म्हटलं. ते काही विसरत नाहीत. मी खोटं बोलले."

 रत्नप्रभाकाकूंनी पदराने डोळे पुसले.

"अशी सून मिळायला भाग्य लागतं," त्या म्हणाल्या. "सगळं स्वतःवर घेतेय पोर."

"नाही हो काकू, खरंच माझी..."

"बस बस," श्यामकांतराव म्हणाले. "आम्हाला समजतं, प्रेमाताई. घरातल्या माणसाचा मान राखावा तर असा."

मी जितकं खरं सांगत गेले तितकी मी थोर होत गेले. ऋताने तर मोबाइलवर माझं बोलणं घेतलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. काकूंनी मला नारळ दिला, ओटी भरली. मी तो घेतला. काय करणार? टाळ्या वाजल्या, आणि सगळ्यांत जास्त वेळ बाबांनी वाजवल्या.

माझ्या त्या थोरवीचा मान राखून श्यामकांतरावांनी परवानगी दिली की काशीरामआजोबांनी पिंजऱ्याचं काम पुन्हा करायला हरकत नाही, फक्त सूनबाईंनी सोबत राहावं, लक्ष ठेवावं.

तेव्हा आता रोज सातला आम्ही दोघं खाली असतो. बाबा पुढे, मी मागे, टोपली माझ्याकडे. काल श्यामकांतराव फेऱ्या मारत आमच्याजवळून गेले. ते ऐकण्याएवढे जवळ आले तेव्हा बाबांनी पिंजऱ्याची दोरी धरून मोठ्याने विचारलं, "प्रेमा, आज खयच्या चौकोनात गो?"

त्यांनी ते माझा मान राखायला विचारलं, हे मला कळलं. मी बोट दाखवलं.

श्यामकांतराव समाधानाने मान हलवून पुढे गेले. ते वळेपर्यंत बाबा थांबले, आणि मग पिंजरा दुसऱ्या बाजूला नेला. मी दाखवलेला चौकोन चुकीचा होता.