परतीची गाडी कधीची?

आमच्या कॉलेजात पाहुणा आला, की त्याला पहिला प्रश्न चहाचा नसे. "साहेब, परतीची गाडी कधीची?" हा असे. विचारणारे आमचे इतिहासाचे खिल्लारे सर. माणूस अजून एसटीच्या पायरीवरून उतरतोय, आणि हे त्याला परत पाठवायला निघालेले!

वारंगा फाट्यावर आमचं इवलंसं कला महाविद्यालय. वर्ग तीन, पण प्राचार्यांना हौस पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांची. कुणी दोन दिवस मुक्कामी, कुणी पंधरा. त्यांना उतरवून घेणं, माठ भरणं, मच्छरदाणी बांधणं, गावोगावच्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरी दाखवत हिंडणं, सगळं खिल्लारे सरांच्या गळ्यात. एकदा एका मोठ्या बाईंचं तोंड त्या गाडीच्या प्रश्नानं असं उतरलं, की मी मराठीची मॅडम मधे पडले.

"अहो सर, आल्या आल्या काय विचारता?"

"काहून? जायाचा टाइम कळल्याबिगर कसं जमंल, मॅडम?"

जमवायचे असायचे ते धपाटे. पाहुण्याच्या गाडीआधी अर्धा तास सरांच्या घरी तवा चढायचा. वहिनी थापायच्या, सर फडक्यात बांधून एसटीच्या खिडकीतून आत द्यायचे. "गरम हायेत, नांदेड यायच्या आत खाऊन घ्या." कुणाला तिखट चालत नाही, कुणाला लसूण, सगळं पाठ!

सर स्वतः पंधरा वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे उन्हाळ्यात घरी, जूनमध्ये नवा कागद. त्या कागदावर पदाचं नाव 'अभ्यागत अधिव्याख्याता'. एका वर्षी आमच्या क्लार्कनं 'अभ्यागत' एवढंच वाचलं आणि वार्षिक अहवालात सरांचा फोटो 'महाविद्यालयास भेट देणारे विद्वान' या पानावर छापला. स्टाफरूम हसून लोळली. मीही. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले.

"बराबर छापलं की! आमी बी पाहुणेच." मग अहवाल घडी करून पिशवीत टाकला. "कायम झालो ना मॅडम, की ह्यो फोटो फ्रेम करून लावतो."

कायम जागा निघाली. इतिहासाचीच. सर इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला आले. आणि मिळाली कुणाला? आदल्या वर्षी पंधरा दिवस राहून, सरांबरोबर विहिरी बघून, सरांच्या विहिरींवरच्या नोंदींच्या वह्या उतरवून नेलेल्या पुण्याच्या अभ्यासकाला. त्या नोंदींवरून या अभ्यासकाच्या नावाने लेख छापून आला होता, तो निवड समितीला फार आवडला. समितीत कॉलेजतर्फे मी होते. वह्या कुणाच्या हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मिठाची गुळणी धरून बसले. कायम नोकरीवाल्यांना हे छान जमतं.

नवे सर रुजू झाले त्या दिवशी खिल्लारे सर ऑफिसात चाव्या देऊन निघाले. भाड्याची खोली सोडून पुसेगावला, घरच्या शेतीकडे. मी मागोमाग फाट्यावर गेले. वहिनी सामानाशी बसल्या होत्या, माझ्याकडे बघेनात. माफी मागायची होती, शप्पथ. पण तोंडातून निघालं, "सर, गाडी कधीची?"



"आवं मॅडम," ते म्हणाले, "पंधरा वर्षांत आमाला कुणीतरी इचारलं!"

माझे दोन्ही हात रिकामे होते. सरांनीच पिशवीतून फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "नव्या सरायला द्या. पहिला दिवस हाय, जेवायची सोय न्हाई लागली अजून. लसूण न्हाई टाकला, त्यायला तकलीफ होते."

एसटी आली. मी सामान चढवायला हात लावला, तेवढंच.

परतले तर नवे सर स्टाफरूममध्ये खिल्लारे सरांच्या खुर्चीत. "खिल्लारे भेटलेच नाहीत हो. काय धपाटे असायचे त्यांच्या घरचे! आहेत ना इथंच?"

"त्यांची गाडी गेली," मी म्हणाले.

फडकं माझ्या पर्समध्ये होतं, अजून कोमट. मी ते बाहेर काढलं नाही.