हिरव्या पट्ट्यातला बुलडोझर

एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्यात, आंदर मावळातल्या उंबरवाडीच्या खिंडीत, सरकारी बुलडोझरच्या तपमान दाखवणाऱ्या काट्याने लाल पट्ट्यात प्रवेश केला. हा प्रवेश वरिष्ठांच्या परवानगीशिवाय झाला, हे आधीच नमूद केलेले बरे.

बुलडोझरचा चालक मकसूद लोणावळ्याचा. त्याच्या डोळ्यांसमोरच्या पत्र्यावर खात्याचा स्थायी आदेश रंगवलेला होता : 'काटा लाल पट्ट्यात असता यंत्र चालवू नये. काटा हिरव्या पट्ट्यात असता यंत्र थांबवू नये.' मकसूदने यंत्र थांबवले. त्याबरोबर रस्ताही थांबला.

रस्ता खिंड फोडून उंबरवाडीला जायचा होता. तोवर वाडीतले आजारी माणूस झोळीत घालून, खांद्यावरून डोंगर उतरवून कामशेतच्या दवाखान्यात न्यावे लागे. बरे झालेले चालत परत येई. न झालेले त्याच झोळीतून. भागूबाईचा नवरा झोळीतून आला होता. आता ती कामावरच्या माणसांना पाणी पाजी, चहा करून देई आणि रस्ता किती सरकला ते रोज डोळ्यांनी मोजून घरी जाई.

"मावशी, तुम्हाला एस.टी.त बसवीन तेव्हाच इथून हलेन," मकसूद तिला म्हणाला होता.

"बसवा बाबा. पर खिडकीजवळ."

बिघाडाचे निदान करायला उपअभियंता घारपुरे साहेब आले. रस्ता होता तोवर जीपने आणि पुढे नाइलाजाने. बरोबर कार्यशाळेतला गेणू फिटर होता. चौकशीचा मुद्दा एकच : इंजिन खरोखर तापते की काटा खोटे बोलतो?

गेणूने इंजिनातून बोटाएवढी पितळी कांडी उपसून काढली. "ही आत बसते, साहेब. हिच्यापासून ही तांब्याची नळी काट्यापर्यंत गेलीय. हिला जे लागतं, ते काटा दाखवतो."

भागूबाईच्या चुलीवर गुळाचा चहा उकळत होता. गेणूने कांडी त्यात बुडवली. काटा लाल पट्ट्यात गेला. मग त्याने ती पाण्याच्या घागरीत सोडली. काटा हिरव्यात आला.

"काटा खरा आहे," गेणू म्हणाला. "इंजिनच तापतंय. रेडिएटर गेलाय, नवा लागेल."

"नवा भाग चालू यंत्रालाच मंजूर होतो," घारपुरे म्हणाले. "बंद यंत्रावर खर्च म्हणजे उधळपट्टी."

"पण रेडिएटरशिवाय ते चालू कसं ठेवायचं?"

घारपुरे काट्याकडे बघत होते.

"मकसूद, आत्ता काटा कुठं आहे?"

"हिरव्यात, साहेब."

"मग यंत्र का थांबलंय?"

मकसूदने घागरीत राहिलेल्या कांडीकडे बघितले, मग साहेबांकडे.

"अन् माजी घागर?" भागूबाईने विचारले.

"ती आता यंत्राचा भाग आहे," साहेब म्हणाले.

मकसूदला हे पटले नाही. पण थांबले तर रस्ता नाही आणि चालले तर निदान आजच्यापुरता रस्ता आहे, असे मनाशी म्हणून त्याने घागर आसनाशेजारी सुंभाने बांधली आणि कांडी तिच्यात सोडली. भागूबाईची 'शीतलन परिचर (हंगामी)' म्हणून नेमणूक झाली.

"मंजी पानीच भरायचं न्हवं?"

"होय."

"मग आंदी मी काय करत व्हते?"

"ते खासगी होतं," साहेब म्हणाले.

एका दुपारी इंजिन मोठ्यांदा खोकले, त्यातून काळा धूर निघाला आणि ते कायमचे जाम झाले. घागरीतले पाणी गार होते. काटा हिरव्यात होता.

"यंत्र थांबलं, साहेब," मकसूदने जाऊन सांगितले.

"काटा हिरव्यात असताना? तुम्ही थांबवलंत?"

"मी कशाला थांबवू? आपोआप थांबलं."

"आपोआप थांबण्याची तरतूद नाही. काटा काय म्हणतो?"

"हिरवा म्हणतो."

"मग ते चालू आहे. आणि चालू यंत्र सोडून तुम्ही इथं काय करताय?"

मकसूद परत जाऊन आसनावर बसला. त्या दिवसापासून तो सकाळी यंत्र चालवायचे दांडे धरी आणि संध्याकाळी सोडी. काटा जितके तास हिरव्यात, तितका रस्ता पुढे, असे खात्याचे सूत्र होते. या सूत्राने रस्ता उंबरवाडीत पोचला आणि हातासरशी थोडा पलीकडेही गेला. विभागातल्या इतर बुलडोझरनाही घागरी मंजूर झाल्या. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. त्यांची मोटार रस्त्यापर्यंत पोचू शकत नसल्यामुळे फीत कामशेतलाच कापली. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. घागरीला हार घातलेला होता.

भाद्रपदात भागूबाई तापाने फणफणली. वाडीतल्या माणसांनी तिला झोळीत घातले. झोळी बुलडोझरपाशी आली तेव्हा तिने आतून डोके वर काढले.

"मकसूदभाऊ, घागर भरून ठिवलीया."

मकसूदने समोरचा पत्रा एकदा वाचला. मग तो उतरला आणि झोळीच्या दांड्याला त्याने खांदा दिला.

दवाखान्यातले डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी नाडी पाहिली, थर्मामीटर पाहिला आणि मकसूदवर रागावले.

"एवढा ताप, आणि झोळीतून आणता? तुमच्या वाडीला रस्ता झालाय. मी स्वतः वाचलंय."

भागूबाईने डोळे उघडले. "यष्टी भरल्याली व्हती डाक्टर. खिडकीजवळ जागा न्हवती."

भागूबाई बरी झाली आणि डोंगर चढून चालत परत आली. मकसूद मात्र खिंडीत नव्हता. चालू यंत्र बेवारस सोडल्याबद्दल त्याची चांद्याला बदली झाली होती. भागूबाईला एस.टी.त बसवण्याआधीच तो हलला होता. त्याच्या जागी दुसरा चालक दांडे धरून बसला होता. तिने घागर विसळली, भरली आणि कांडी आत सोडली.

रस्ता झाल्याची ती बातमी तुम्हीही वाचली होती. वाचून 'चला, काहीतरी होतंय' असे म्हणालातही. त्याच आठवड्यातल्या रविवारी तुम्ही लोणावळ्याला येऊन थंड हवा खाल्लीत, चिक्कीचे पुडे घेतलेत. खिंड तिथून काही फार लांब नव्हती. पण बातमी हिरव्या पट्ट्यात होती. तुम्हाला थांबायचे कारण नव्हते.