दारावरचा शब्द

चैतराम गुरुजी मॅट्रिकच्या इंग्रजीत दुसऱ्यांदा आपटले, तेव्हा त्यांनी ठरवलं, रोज एक भारी शब्द पाठ करायचा. सौंदडच्या त्यांच्या घराच्या दारावर त्यांचं नाव खडूनं इंग्रजीत लिहिलेलं होतं. ते पुसून तिथे पहिला शब्द लिहिला : प्रोक्रॅस्टिनेशन. पाच वाक्यांत वापरल्याशिवाय पुसायचा नाही, असा नियम.

पंधरा दिवस झाले, शब्द तिथेच.

"याचा मतलब काय जी?" त्यांच्या बायकोनं, शामकलानं विचारलं.

"आजचं काम उद्यावर ढकलत राहणं."

"त्याच्यासाठी इंग्रजी कायले पायजे? तुमाले पायलं तरी समजते."

गुरुजी हसले. "आज शाळेत जाताना पुसतो आन् नाव लिहून देतो, बस?" शामकला आत वळली, आणि ते शब्द तसाच ठेवून सायकलवर बसून गेले.

त्याच दिवशी हिवतापाच्या फवारणीची टोळी यायची होती. मागच्या पावसाळ्यात त्यांची दोन वर्षांची लेक सुशिला तापानं अशी फणफणली होती, की शामकलानं सात रात्री तिला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. म्हणून तिनं पहाटेपासून मडकी, सुपं, खाट, पाळणा, सगळं अंगणात आणून ठेवलं.

सुपरवायझर घनश्यामबाबू गोंदियाचे. हातात पटवाऱ्याची यादी. "घरवाले का नाम?"

शामकलानं पदर ओढला. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं?

"सुशिलाचे बाबू," ती म्हणाली.

"लिस्ट में सुशिला नहीं है, बाई."

तिनं शेजारच्या धुरपताकडे पाहिलं. धुरपतानं कानांना हात लावले. "माहा जेठ, मोठा दीर लागते तो! मी नाई सांगत, बाई."

शामकलाला एकदम दार आठवलं. नाव लिहून देतो म्हणाले होते ना! तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं; तिच्या लेखी त्या साऱ्या मुंग्यांच्या रांगा. तिनं ऐटीत दाराकडे बोट दाखवलं.

घनश्यामबाबूंनी एकेक अक्षर लावत वाचलं, यादी खालपासून वरपर्यंत पाहिली आणि टोपी सारखी केली. "इस नाम का कोई नहीं. शायद बाहर के साहब हैं. आगे चलो!"

टोळी पुढे गेली. शामकला पाळण्याशेजारी उभीच राहिली.

संध्याकाळी गुरुजींनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "उद्या सकाळी जाऊन सांगतो."

सकाळी म्हणाले, "शाळा सुटल्यावर जातो."

"शाळा सुटेपर्यंत ते अर्जुनीले पोचतीन!"

पण सायकल निघून गेली होती. शामकलानं सुशिलाला कडेवर घेतलं आणि चावडी गाठली. टोळी पंप बांधून गाडीच्या वेळेची वाट पाहत होती.

"साहेब, माहं घर रायलं."

"नाम?"

पुन्हा तेच! शामकलानं कडेवरच्या सुशिलाला सावरलं. मग म्हणाली, "दारावर वाचलं ते नाव नोहे जी. ते आमच्या घरच्यायचं लक्षण हाये. आजचं काम उद्यावर ढकलत राहणं, असा त्याचा मतलब. काल ढकललं, आज ढकलून राहिले. पण मच्छर काई ढकलत नाई, साहेब. मागच्या साली ही पोरगी मरता मरता वाचली."

टोळीतली माणसं खो खो हसली. घनश्यामबाबू मात्र सुशिलाकडे पाहत राहिले. मग यादी उलगडून त्यांनी बोट फिरवलं. "एक घर बाकी है... चैतराम कटरे, मास्टर?"

शामकलानं लाजून मान हलवली.

"पंप खोलो. गाडी दोपहर की पकड़ेंगे."

संध्याकाळी गुरुजी आले, तेव्हा घरभर औषधाचा वास होता, भिंती पांढरट झाल्या होत्या आणि दारावर गेरूनं फवारणीची तारीख टाकलेली होती. ती शब्दाच्या बरोब्बर खाली. धुरपतानं अंगणातूनच सगळी हकिगत ऐकवली, चावडीवरच्या हशासकट.

गुरुजी कानापर्यंत लाल झाले. "मले पंधरा दिवसांत एक वाक्य नाई जमलं," ते हळूच म्हणाले, "आन् तू भर चावडीत वापरून आली."

त्यांनी धोतराचा सोगा भिजवला आणि शब्द पुसायला हात वर केला.

"राहू द्या जी," पाळणा आत नेता नेता शामकला म्हणाली. "आज कायले? उद्या पुसा."