लाल ठिपक्याची काडतुसं

"वन्सं, या काडतुसांवरचे लाल ठिपके कुठे गेले?"

"पुसले. स्पिरिटनं," मार्ता अभिमानानं म्हणाली. "काडतुसांना कसलं नेलपॉलिश लावता, वहिनी? लग्नाला निघाली होती का ती?"

आइलीनं कॉफीचा कप खाली ठेवला. तिच्या वडिलांची दुनळी बंदूक शंभर वर्षांची, पातळ नळ्यांची. पुतण्यानं, एइनोनं, उडवलेली रिकामी कवचं आणून आइली दर शरदात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि ती पुन्हा भरायची. दारू कमी, छर्रे कमी. बाजारचं जहाल काडतूस त्या दुनळीत गेलं, तर नळी फुटून तिच्या नवऱ्याचा, वाइनोचा, हातच जायचा. पण दोन्हींची कवचं एकच. फरक तेवढा ठिपक्याचा.

"आणि पुतण्याच्या नव्या बंदुकीची काडतुसं? ती खिडकीत होती."

"तीही यातच ओतली. पसारा किती! सकाळी दादाचा खिसा मीच भरला. हाताला जड लागली तेवढीच निवडून दिली. हलकी दिली असती, तर म्हणाला असता, बहिणीनं हात आखडला."

आइलीनं कोट ओढला आणि घरातल्या चपलांतच धावत सुटली. भूर्जांची पिवळी पानं पायाखाली घसरत होती. सत्तरी उलटलेले गुडघे कुरकुरत होते. ती ओढ्याशी पोचते न पोचते, तोच जंगलात आवाज झाला.

ढाम्म!

तिची काडतुसं असा आवाज करत नसत. ती नुसती खोकायची.

"अहो!" तिनं हंबरडा फोडला. "अहो, बोला काहीतरी!"

"काय झालं?" झाडामागून उत्तर आलं.

वाइनो एका पोकळ बुंध्याला टेकून तिनंच दिलेला वेलदोड्याचा पाव खात होता. दोन्ही हात जागेवर. दुनळी मांडीवर, उघडी, रिकामी.

"मग आत्ता बार कुणी काढला?"

"एइनोनं. पलीकडे आहे तो."

आइली त्याच्या शेजारी बसली. तेव्हा तिला बुंध्याच्या पोकळीत कॉफीचा डबा दिसला. तिनं तो ओढून उघडला. आत काडतुसंच काडतुसं, लाल ठिपक्यांची.

"ही तर मी भरलेली! किती वर्षांची?"

"सहा," वाइनो पावाकडे बघत म्हणाला.

"आणि घरी येणारे तितर?"

"एइनो देतो. पावाच्या बदल्यात. रागावू नकोस गं. पण तू दारू मोजताना फोनवर बोलतेस. ती उडवायचा माझा धीरच होत नाही."

आइलीनं ठिपका नीट निरखून एक काडतूस दुनळीत सरकवलं. समोरच्या झुडपातून फडफड करत तितर उठला. बंदूक हलकेच खोकली. नळी शाबूत, खांदा शाबूत, तितर गवतात.

"उद्यापासून बंदूक मी घेऊन येणार," ती उठत म्हणाली. "तुम्ही घरी वन्संशी गप्पा मारत बसा. महिनाभर आहेत त्या."

वाइनोच्या हातातला पाव तसाच राहिला.

"त्यापेक्षा," तो म्हणाला, "नळी फुटली असती तर बरं झालं असतं."